ताबा कधी? पुनर्बांधणीतल्या बेसबॉल संघाचा हिवाळा

ऑक्टोबर हीट सरते, येऊरच्या बाजूने पहाटेचा गारवा उतरायला लागतो आणि ठाण्यातल्या बेसबॉलवेड्यांच्या पहाटा नेमक्या तेव्हाच रिकाम्या होतात. एप्रिल ते सप्टेंबर अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरचा संध्याकाळी ७.०५ चा सामना आपल्याकडे पहाटे ४.३५ ला सुरू होतो. पश्चिम किनाऱ्यावरचा ७.१० चा सामना सकाळी ७.४० ला लागतो, म्हणजे ठाणे-वाशी लोकलमध्ये पहिल्या दीड-दोन इनिंग कानात पडतात. असे १६२ सामने, आणि त्यातले शंभराहून जास्त आपला संघ हरलेला. बाकीचे वर्ल्ड सीरिजच्या, म्हणजे विजेता ठरवणाऱ्या अंतिम मालिकेच्या, गप्पांत रंगलेले असतात तेव्हा या चाहत्याच्या मनात एकच प्रश्न असतो: अजून किती वर्षं?

ज्यांचा संघ सध्या 'रीबिल्ड'मध्ये आहे, म्हणजे मुद्दाम जुनं पाडून नवं बांधतोय, त्यांच्यासाठी हे लिहितोय. 'थोडा धीर धरा' असं सांगणारे भरपूर भेटतात. धीर कशासाठी धरायचा आणि कशासाठी अजिबात धरायचा नाही, हे कोणी सांगत नाही. नोव्हेंबर ते फेब्रुवारी या चार महिन्यांत ते निवडून वेगळं काढता येतं, फक्त कुठे बघायचं ते माहीत हवं.

नौपाड्यात, पाचपाखाडीत किंवा वाशीत सिडकोच्या जुन्या इमारतीत राहिलेल्यांना हा प्रकार लगेच कळेल. इमारत पाडायची, सभासदांनी भाड्याच्या घरात जायचं आणि ताब्याच्या तारखेकडे डोळे लावून बसायचं. पण सोसायटीचा विकासकाशी करार असतो. दरमहा भाडं किती, कॉर्पस किती, बँक गॅरंटी किती, ताबा कधी, उशीर झाला तर काय, हे सगळं कागदावर असतं. बेसबॉलच्या चाहत्याकडे असला कागद नसतो. तो वर्गणी पूर्ण भरतो आणि पाडकाम बघतो. म्हणून करारात जे मागितलं असतं, ते त्याने निदान स्वतःच्या वहीत लिहून मागावं.

क्रिकेटवरून आलेल्यांची इथे एक गल्लत होते. मुंबई इंडियन्सने २०२२ च्या मोठ्या लिलावात जोफ्रा आर्चरवर ८ कोटी लावले, तो त्या वर्षी खेळणार नाही हे माहीत असून. तो हंगाम सलग आठ पराभवांनी सुरू झाला, त्यातले दोन नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर, आणि पहिला विजयही तिथेच, ३० एप्रिलला राजस्थानविरुद्ध. संघ दहावा आला. पण त्याच हंगामात १ कोटी ७० लाखांना घेतलेल्या १९ वर्षांच्या तिलक वर्माने ३९७ धावा केल्या आणि पुढच्याच वर्षी मुंबई प्लेऑफमध्ये होती. आर्चर २०२३ मध्ये पाच सामने खेळून दुखापतीमुळे परत गेला. पैज फसली तरी संघ वर्षभरात सावरला. आयपीएलमधली पुनर्बांधणी ही अशी एका वर्षाची गोष्ट आहे. बेसबॉलमध्ये तिलकच्या वयाचा मुलगा बसने गावोगाव फिरत खालच्या लीग खेळत असतो. ए, हाय-ए, डबल-ए, ट्रिपल-ए अशा चार पायऱ्या, आणि एकेका पायरीवर वर्ष जातं. कॉलेजमधून आलेला खेळाडू साधारण दोन-तीन वर्षांत वर येतो, शाळेतून थेट आलेला चार-पाच वर्षांत. पॉल स्कीन्ससारखा जुलै २०२३ मध्ये निवडला जाऊन मे २०२४ मध्ये पिट्सबर्ग पायरेट्स संघासाठी उभा राहणारा पिचर (चेंडू टाकणारा) क्वचितच निघतो. त्याच्या मापाने सगळ्यांना मोजाल तर मनस्ताप पक्का.

आता हिवाळ्याचं कामकाज. वर्ल्ड सीरिज संपल्यावर पाच दिवसांनी मोकळे (करार संपलेले) खेळाडू कुठल्याही संघाशी करार करू शकतात. बातम्या इथेच लागतात आणि पुनर्बांधणीतल्या संघाचं नाव त्यात जवळजवळ नसतंच. ते मनाला लावून घेऊ नका. या संघाचं खरं काम नोव्हेंबरच्या मध्यावर होतं, ४० जणांच्या यादीवर.

ही यादी नीट समजून घ्या, कारण निम्मा वैताग ती न कळल्यामुळे होतो. प्रत्यक्ष सामन्यांसाठी २६ खेळाडू, सप्टेंबरमध्ये २८. त्यांच्यासह एकूण ४० जण संघाच्या मुख्य यादीत असतात. हंगामात गंभीर दुखापत झालेल्याला ६० दिवसांच्या यादीवर टाकलं की ४० पैकी एक जागा मोकळी होते. हिवाळ्यात ती सोय बंद. वर्ल्ड सीरिजनंतर दुखापतग्रस्त सगळे परत ४० मध्ये मोजले जातात आणि फेब्रुवारीत कॅम्प उघडेपर्यंत तसेच राहतात. त्याच वेळी खालून वर आलेली मुलं 'रूल ५'च्या कक्षेत येतात: १८ किंवा त्याहून लहान वयात करार झालेला पाच हंगामांनंतर, १९ किंवा मोठ्या वयात झालेला चार हंगामांनंतर. त्यांना ४० मध्ये घेतलं नाही तर डिसेंबरमध्ये दुसरा संघ उचलून नेऊ शकतो. एका बाजूने जखमी परत येतात, दुसऱ्या बाजूने पोरं दारात उभी, आणि जागा ४०च.

म्हणून नोव्हेंबरमध्ये एखादा ओळखीचा, बरा खेळणारा खेळाडू सोडला की लगेच 'मालक कंजूष' म्हणू नका. आधी बघा, त्याच्या जागी कोण आलं. २९ वर्षांचा राखीव खेळाडू सोडून २२ वर्षांचा डबल-एमधला पिचर वाचवला असेल तर काम बरोबर चाललंय. जागा रिकामीच ठेवली असेल तरी घाई नको. इतर संघ ज्यांना यादीतून काढतात त्यांच्यावर दावा सांगण्यात खराब कामगिरीच्या संघाचा नंबर आधी लागतो. शेवटच्या क्रमांकावर येण्याचा हिवाळ्यातला हा खराखुरा फायदा आहे आणि तो घ्यायला यादीत मोकळी जागा लागते.

रूल ५ मधून उचललेल्या खेळाडूचे १ लाख डॉलर मोजावे लागतात आणि तो पूर्ण हंगाम २६ मध्ये ठेवावा लागतो. ठेवता आलं नाही तर तो इतर संघांसमोर जातो, कोणी घेतला नाही तर ५० हजार डॉलरला मूळ संघाला परत देऊ करावा लागतो. जिंकायला निघालेल्या संघाला असला कच्चा मुलगा बाकावर परवडत नाही, पुनर्बांधणीतल्या संघाला परवडतो. रोबेर्तो क्लेमेंटे १९५४ मध्ये असाच डॉजर्सकडून पायरेट्सकडे आला. योहान सँटाना १९९९ मध्ये याच वाटेने ट्विन्सकडे आला आणि पुढे दोन साय यंग (वर्षातल्या सर्वोत्तम पिचरचा पुरस्कार) घेऊन गेला. पण यात एक खोट आहे. वर्षभर बाकावर बसलेल्या २२ वर्षांच्या फलंदाजाला ट्रिपल-एमध्ये पाचशे वेळा बॅटिंग मिळाली असती, इथे शंभर-सव्वाशे मिळते. हात गंजतो. रिलीफ पिचर (सामन्यात मध्येच बदली म्हणून येणारा) घेतला तर हा तोटा कमी, म्हणून रूल ५ मध्ये पिचर जास्त उचलले जातात.

डिसेंबरमध्ये विंटर मीटिंग्ज आणि मग ज्याची धास्ती असते तो दिवस. संघाचा सगळ्यात लाडका खेळाडू ट्रेड होतो, आपण सकाळी उठून फोन बघतो आणि बदल्यात आलेल्या चार मुलांपैकी एकाचंही नाव ऐकलेलं नसतं. जीव तुटतो, आणि तो तुटू द्यावा. ज्याच्यासाठी पहाटे उठत होतो तो माणूस गेलाय. फक्त त्या दिवशी ट्रेडचा निकाल लावू नये. का, ते दोन डिसेंबर शेजारी ठेवले की कळतं.

डिसेंबर २०१०. कॅन्सस सिटी रॉयल्सनी झॅक ग्रिंकीला मिलवॉकीला दिलं. २००९ चा साय यंग विजेता. बदल्यात आले लॉरेन्झो केन, अल्सिडीझ एस्कोबार, जेक ओडोरिझी आणि जेरेमी जेफ्रेस. पुढचं जवळजवळ सगळं वर्ष केन ओमाहाच्या ट्रिपल-ए संघात होता. २०११ च्या शेवटी कोणी हिशेब मांडला असता तर रॉयल्स फसले असंच म्हणावं लागलं असतं. डिसेंबर २०१२ मध्ये ओडोरिझी विल मायर्ससोबत टॅम्पाला गेला आणि जेम्स शील्ड्स व वेड डेव्हिस आले. २०१४ मध्ये रॉयल्स वर्ल्ड सीरिजमध्ये, २०१५ मध्ये विजेते. एस्कोबार २०१५ च्या अमेरिकन लीग अंतिम मालिकेचा सर्वोत्तम खेळाडू ठरला आणि वर्ल्ड सीरिजचा शेवटचा बळी वेड डेव्हिसने घेतला. रॉयल्सच्या मैदानाचं आउटफिल्ड तेव्हा खूप मोठं होतं. तिथे केनसारखा धावणारा सेंटर फिल्डर आणि एस्कोबारसारखा शॉर्टस्टॉप म्हणजे रोज वाचवलेल्या धावा. रॉयल्सनी नुसती 'चांगली मुलं' घेतली नव्हती, आपल्या मैदानाला चालतील अशी घेतली होती.

डिसेंबर २०१६. शिकागोच्या व्हाइट सॉक्सनी पिचर क्रिस सेलला बोस्टनला दिलं. आले योआन मोंकाडा, मायकल कोपेक, लुईस अलेक्झांडर बासाबे आणि व्हिक्टर डियाझ. त्या दिवशी हा ट्रेड ग्रिंकीच्या ट्रेडपेक्षा कितीतरी भारी दिसत होता, कारण मोंकाडा तेव्हा सगळ्या बेसबॉलमधल्या पहिल्या काही मुलांत धरला जायचा आणि कोपेक ताशी १०० मैलांनी टाकायचा. २०१८ मध्ये सेलने बोस्टनला वर्ल्ड सीरिज जिंकून देणारा शेवटचा बळी घेतला. त्याच वर्षी कोपेकच्या कोपरावर टॉमी जॉन शस्त्रक्रियेची वेळ आली. मोंकाडाचं २०१९ झकास गेलं, .३१५ ची बॅटिंग सरासरी आणि २५ होमरन, नंतर दुखापतींनी खाल्लं. उरलेले दोघे व्हाइट सॉक्सकडून मोठ्या लीगचा एकही सामना खेळले नाहीत. २०१७ मध्ये ९५ पराभव, २०१८ मध्ये १०० पराभव सोसून या संघाच्या चाहत्यांना मिळालं काय? २०२१ मध्ये ९३ विजय आणि विभागाचं एक विजेतेपद. प्लेऑफमध्ये एकही मालिका जिंकली नाही. २०२२ मध्ये ८१-८१, २०२३ मध्ये १०१ पराभव, २०२४ मध्ये ४१-१२१, आधुनिक बेसबॉलमधले एका हंगामातले सर्वाधिक पराभव. मग डिसेंबर २०२४ मध्ये पुन्हा एक डावखुरा हुकमी पिचर, गॅरेट क्रोशे, पुन्हा बोस्टनलाच दिला, पुन्हा चार मुलांच्या बदल्यात. शिकागोच्या दक्षिण भागातल्या माणसाला आता 'धीर धर' म्हणायची माझी हिंमत होणार नाही. त्याने एकदा पूर्ण इमारत पाडलेली बघितली, दोन वर्षं त्यात राहिला आणि परत नोटीस लागली.

मग ट्रेडच्या दिवशी बघायचं काय? गेलेल्या खेळाडूच्या कराराची किती वर्षं उरली होती ते आधी. बेसबॉलच्या बाजारात चलन हेच आहे. वॉशिंग्टन नॅशनल्सनी हुआन सोटोला २ ऑगस्ट २०२२ ला सॅन डिएगोला दिलं तेव्हा तो २०२४ पर्यंत बांधलेला होता, म्हणून सी. जे. एब्रम्स, मॅकेन्झी गोर, जेम्स वुड, रॉबर्ट हॅसेल आणि हार्लिन सुसाना असा ढीग आला. तोच खेळाडू शेवटच्या दोन महिन्यांसाठी विकला असता तर एक-दोन मुलं हाती लागली असती. 'पुढच्या जुलैत बघू' (हंगामातल्या ट्रेडची मुदत जुलैअखेरच्या सुमारास संपते) म्हणत अडीच वर्षांची दीड आणि दीडची अर्धी करणारा व्यवस्थापक चाहत्यांच्या भावना सांभाळत नसतो, संघाची पुंजी जाळत असतो. त्यावर जरूर चिडा.

दुसरं, आलेल्यांत पिचर किती आणि फलंदाज किती. तरुण पिचरचं कोपर आणि खांदा हा फार नाजूक ठेवा. चारपैकी तीन पिचर असतील तर त्यातला एक-दीडच शेवटपर्यंत टिकेल असं धरून चाला. तिसरं, आलेले कुठल्या पायरीवर आहेत. १८-१९ वर्षांचे चौघे आले असतील तर तुमच्या वहीतली ताब्याची तारीख चार वर्षांनी पुढे सरकवा. मालकांनी ती जाहीर केली नसली तरी सरकवाच.

सोटोचा ट्रेड मात्र एक गोष्ट शिकवून जातो. एब्रम्स, गोर, वुड तिघेही ऑल-स्टार झाले, म्हणजे सौदा उत्तम होता. तरी नॅशनल्स २०२५ मध्ये ९६ सामने हरले आणि जुलैत जनरल मॅनेजर व मॅनेजर दोघांनाही काढलं. खांब उभे राहिले, स्लॅब काही भरला गेला नाही. ड्राफ्टमधून, म्हणजे नव्या मुलांच्या वार्षिक निवडीतून, पुरेशी मुलं पिकली नाहीत आणि बाजारातून मोठी भर घातली नाही. एका चांगल्या सौद्याने संघ बांधून होत नाही.

जानेवारीत येणाऱ्या छोट्या करारांची चाहते सगळ्यात जास्त टिंगल करतात: तिशी ओलांडलेला, साधारण पिचर, एका वर्षासाठी. याचसाठी धीर धरावा असं मला मनापासून वाटतं. नोव्हेंबर २०१२ मध्ये शिकागोच्याच कब्ज संघाने स्कॉट फेल्डमनला ६० लाख डॉलरला एका वर्षासाठी घेतलं. त्याने जूनपर्यंत नीट पिचिंग केलं आणि २ जुलै २०१३ ला कब्जनी त्याला बाल्टिमोरला देऊन जेक अरिएटा आणि पेद्रो स्ट्रोप घेतले. अरिएटाचा त्या वर्षी बाल्टिमोरमधला ईआरए (दर नऊ इनिंगमागे दिलेल्या धावा, जितका कमी तितका चांगला) ७.२३ होता. २०१५ मध्ये त्याच अरिएटाने २२ विजय, ६ पराभव आणि १.७७ ईआरएसह साय यंग घेतलं आणि २०१६ मध्ये कब्ज १९०८ नंतर पहिल्यांदा जिंकले. साठ लाखांचा करार कच्चा माल होता. अशा करारात दोनच गोष्टी तपासा. गडी धडधाकट आहे का, आणि त्याला दर पाचव्या दिवशी सुरुवातीचा पिचर म्हणून चेंडू मिळणार आहे का. जखमी माणूस जुलैत विकता येत नाही. आणि जुलै आला, तो बरा खेळत असला, तरी विकला नाही, तर मग तो करार कशासाठी केला होता ते विचारा.

लॉटरीबद्दल थोडक्यात. पूर्वी सगळ्यात वाईट संघाला ड्राफ्टचा पहिला नंबर आपोआप मिळायचा. ह्यूस्टन अॅस्ट्रोजनी २०११, २०१२, २०१३ मध्ये १०६, १०७ आणि १११ पराभव पत्करून त्याचा पुरेपूर फायदा घेतला. २०२३ च्या ड्राफ्टपासून पहिल्या सहा जागा सोडतीने ठरतात, सगळ्यात वाईट तिघांना पहिल्या क्रमांकाची प्रत्येकी १६.५ टक्के संधी. शिवाय तोच संघ वर्षानुवर्षं सोडतीत बसू शकत नाही. महसूल वाटपात पैसे देणाऱ्या संघाला सलग दुसऱ्या वर्षी आणि घेणाऱ्याला सलग तिसऱ्या वर्षी सोडतीतली जागा मिळत नाही. म्हणूनच १२१ पराभवांनंतरही व्हाइट सॉक्सना २०२५ मध्ये दहावा नंबर मिळाला. तेव्हा सप्टेंबरमध्ये 'हरलेलं बरं, नंबर वर येईल' म्हणायचं सोडून द्या. शेवटचे दहा सामने हरून आता फारसं काही पदरात पडत नाही आणि मुलांना हरायची सवय लागते. अॅस्ट्रोजचं उदाहरण देणाऱ्यांनी बाकीचंही सांगावं: २०१३ चा त्यांचा पहिला नंबर मार्क अॅपेल त्यांच्याकडून कधीच खेळला नाही, तर होझे अल्टुवे १५ हजार डॉलरच्या करारावर या पाडकामाच्या कितीतरी आधी आला होता. आणि २०१७ च्या त्या विजेतेपदावर खुणा चोरल्याचा डाग आहे, त्यासाठी २०२० मध्ये ५० लाख डॉलर दंड झाला आणि दोन वर्षांचे पहिले-दुसरे ड्राफ्ट नंबर गेले.

मार्चच्या शेवटी एक राग हमखास येतो. तयार दिसणारा मुलगा 'अजून सरावाची गरज आहे' म्हणून ट्रिपल-एमध्ये पाठवतात. हंगाम १८६-१८७ दिवसांचा असतो आणि १७२ दिवस मोठ्या लीगच्या यादीवर काढले की सेवेचं एक वर्ष भरतं. अशी सहा वर्षं झाली की खेळाडू मोकळा. म्हणजे सुरुवातीचे पंधरा-सोळा दिवस खाली ठेवला की संघाला तो जवळजवळ आणखी एक वर्ष मिळतो. २०१५ मध्ये कब्जच्या क्रिस ब्रायंटचे बरोबर १७१ दिवस भरले. त्याने दाद मागितली, २०२० मध्ये निकाल त्याच्या विरुद्ध गेला. २०२२ च्या करारापासून थोडा बदल झाला. रूकी ऑफ द इयरच्या (वर्षातला सर्वोत्तम नवोदित) मतदानात पहिल्या दोघांत आलेल्या नव्या खेळाडूला पूर्ण वर्ष मिळतं, स्कीन्सला २०२४ मध्ये तसंच मिळालं. आणि नावाजलेल्या मुलाला सुरुवातीपासून खेळवणाऱ्या संघाला ड्राफ्टचा जादा नंबर मिळू शकतो, जसा हुलिओ रॉड्रिगेझमुळे मरिनर्सना मिळाला. तरीही एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात अचानक 'तयार' होणारी मुलं दिसतातच. हा राग रास्त आहे. यात मुलाच्या वाढीचा काही संबंध नसतो.

उलट बाजूही आहे. बाल्टिमोरच्या जॅक्सन हॉलिडेला, २०२२ च्या पहिल्या क्रमांकाच्या निवडीला, एप्रिल २०२४ मध्ये विसाव्या वर्षी वर आणलं. पहिल्या दहा सामन्यांत ३४ पैकी २ हिट आणि परत ट्रिपल-ए. मोठ्या लीगमध्ये खेळलेल्या बापाची पुण्याई, नाव, गुणवत्ता सगळं होतं, फक्त मोठ्या लीगचा वेग अंगवळणी पडलेला नव्हता. म्हणून खालच्या लीगमधल्या मुलांचे आकडे वाचताना होमरन शेवटी बघा. आधी वय आणि पायरी: २१ व्या वर्षी डबल-एमध्ये साधारण खेळणारा मुलगा २५ व्या वर्षी तिथेच धमाल करणाऱ्यापेक्षा जास्त मोलाचा. मग स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर बाद) आणि वॉक (चार वाइट चेंडूंवर फुकट पहिला बेस). डबल-एमध्येच शंभरात तीसपेक्षा जास्त वेळा स्ट्राइकआउट होणाऱ्याला वर गेल्यावर आणखी चांगल्या स्लायडरसमोर (शेवटच्या क्षणी बाजूला वळणारा चेंडू) उभं राहायचंय. ट्रिपल-एचे आकडे कुठल्या गावातले तेही बघा. अल्बुकर्की, रेनो ही गावं उंचावर आहेत, हवा विरळ, चेंडू लांब जातो आणि साध्या फलंदाजाचं पुस्तक सोन्याचं दिसतं. पिचरचा ईआरए बाजूला ठेवून त्याने किती इनिंग टाकल्या ते मोजा. गेल्या वर्षी ६० टाकलेल्याला यंदा १६० टाकायला लावणार नाहीत.

एक वही किंवा शीट करा, ४० ओळींची. नाव, वय, सेवेची वर्षं, आणि 'ऑप्शन' किती उरले. ऑप्शन म्हणजे खेळाडूला यादीतून न काढता खाली पाठवायची मुभा, अशी तीन वर्षं मिळतात. ऑप्शन संपलेला आणि न पिकलेला मुलगा मार्चमध्ये जाणार, हे तुम्हाला नोव्हेंबरमध्येच दिसेल आणि धक्का बसणार नाही. हिवाळ्यात अमेरिकेचा दिवस म्हणजे आपली रात्र, तेव्हा अफवांसाठी जागू नका. सकाळी चहाबरोबर लीगच्या संकेतस्थळावर झालेल्या व्यवहारांचं पान उघडा, शीट दुरुस्त करा. पाच मिनिटांचं काम आहे. 'सूत्रांनुसार बोलणी सुरू' यातलं बहुतेक काही घडत नाही.

आता मुदतीचं. कब्जनी ऑक्टोबर २०११ मध्ये संघाचा कारभार बघायला थिओ एप्स्टीनला आणलं, २०१२ मध्ये १०१ सामने हरले, २०१६ मध्ये जिंकले. बाल्टिमोर २०१८ मध्ये ११५ हरलं, २०२३ मध्ये १०१ जिंकलं. पाच वर्षं हा रास्त काळ आहे, आणि चौथा हिवाळा परीक्षेचा. कब्जचा चौथा हिवाळा आठवा: डिसेंबर २०१४, जॉन लेस्टरशी सहा वर्षांचा १५ कोटी ५० लाख डॉलरचा करार. मुलं तयार होताहेत असं दिसताच मालकाने खिशात हात घातला. बाल्टिमोरने तो उशिरा आणि अर्धाच घातला. कॉर्बिन बर्न्स फेब्रुवारी २०२४ मध्ये आला, तोही कराराच्या शेवटच्या वर्षात, आणि डिसेंबरमध्ये ॲरिझोनाला गेला. मधल्या काळात २०२३ मध्ये टेक्सासकडून ०-३, २०२४ मध्ये कॅन्सस सिटीकडून ०-२, आणि २०२५ मध्ये ७५-८७. इतकी गुणी मुलं एकत्र सहज जमत नाहीत. त्यांच्या स्वस्त वर्षांत पिचरवर पैसा खर्च न करणं ही धीर संपवणारी चूक आहे, आणि त्यावर ओरडणाऱ्या चाहत्याला उतावळा म्हणू नये.

सगळ्यात कडवट अनुभव ओकलंडचा. तिथे पुनर्बांधणीच्या नावाखाली एकेक खेळाडू विकला गेला आणि मालकाचं लक्ष मात्र शहर सोडण्याकडे होतं. १३ जून २०२३ ला चाहत्यांनी उलटा बहिष्कार केला: रिकाम्या राहणाऱ्या मैदानात २७,७५९ लोक आले, 'सेल' छापलेले टी-शर्ट घालून, मालकाने संघ विकावा म्हणून. संघ त्या रात्री २-१ जिंकला. २०२४ नंतर तो ओकलंडमधून गेला. त्या लोकांचा धीर कमी पडला नव्हता, बांधकाम कधी सुरूच झालं नव्हतं. संघाचा पगारखर्च घटतोय, खालच्या लीगमध्येही मुलं दिसत नाहीत आणि बातम्या फक्त नव्या स्टेडियमच्या येताहेत, ही तिन्ही लक्षणं एकत्र दिसली तर वर्गणीचं नूतनीकरण थांबवा. मालकाला एवढी एकच भाषा कळते.

फेब्रुवारीच्या मध्यावर पिचर आणि कॅचर कॅम्पमध्ये येतात, महिनाअखेर सराव सामने सुरू होतात. फ्लोरिडातला दुपारी १.०५ चा सामना तेव्हा आपल्याकडे रात्री ११.३५ ला लागतो, ॲरिझोनातला १.३५ ला. फ्लोरिडातला संघ असेल तर जेवण आटोपून निवांत लावता येतो. पहिल्या तीन-चार इनिंगचा निकाल मनावर घेऊ नका. पाचव्या-सहाव्या इनिंगला नावाजलेले खेळाडू बाहेर पडतात आणि पाठीवर ८०-९० असले मोठे नंबर घेऊन मुलं आत येतात. शीट उघडी ठेवा. क्रोशेच्या, सोटोच्या, तुमच्या लाडक्याच्या बदल्यात आलेला तो कोण, हे तेव्हा पहिल्यांदा दिसतं: पहिल्याच स्लायडरला बॅट थांबवतो की नाही.